तळटीप

कादंबरी एका मडमेनं लिहिलेली.
नवरा साताऱ्याला असिस्टंट कलेक्टर, तीन पावसाळे.
तेवढ्यात तिला आम्ही सगळे कळलो होतो.
मी भाषांतर करते आहे, पेन्शनीतल्या दुपारी,
सदरबझारातल्या दोन खोल्यांत, डायनिंग टेबलावर.
ह्या टेबलावर आम्ही कधी जेवलो नाही.
त्यावर इस्त्री व्हायची, आणि आता हे.

नायिका इझाबेला. बाप तोफखान्यातला सार्जंट,
आई छावणीमागच्या वस्तीतली.
आईचं नाव इंग्रजी स्पेलिंगात असं कोंबलंय
की तानू होईल, ठाणू होईल, टानूही होईल.
तानू लिहिलं, खोडलं, दोन दिवसांनी पुन्हा तानूच लिहिलं.
कुणीतरी तिला एकदा तरी नीट हाक मारायला हवी होती.

इझाबेला पियानोवर बसते तेव्हा लेखिका तिची नखं तपासते:
मुळाशी म्हणे निळसर झाक.
संतापली की आईचं रक्त, धीर धरला की बापाचं,
जणू आत दोन हौद आहेत
आणि दोन्ही नळांच्या चाव्या मडमेच्या कनवटीला.

तिचं बोलणं ही माझी खरी अडचण.
मुळात ती मोडकं इंग्रजी बोलते, हशा पिकावा म्हणून.
मोडक्या इंग्रजीचं मराठी काय करायचं?
पुस्तकी घातलं तर ती मास्तरीण होते, माझ्यासारखी.
आमच्याकडचं घातलं, "मला न्हाई ठावं, सायेब",
तर लोक पुन्हा हसतील, तेच हसू, फक्त पुण्याचं.
मला ते हसू ओळखीचं आहे.
छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तपासणीला आलेल्या बाई
माझ्या 'व्ही'ला हसल्या.
घरी सासूबाई म्हणायच्या, हिचं मराठी विलायती वळणाचं.

एकोणिसाव्या प्रकरणात लेखिकेला ती नकोशी होते.
साहेबाचं लग्न ठरतं, बोटीनं गोरी वधू येते,
आणि इझाबेला माहुलीला नदीत उतरते.
अशा मुलींसाठी त्या काळच्या पुस्तकांत
एखादा ताप तरी असायचा, नाहीतर एखादी नदी.
संगमाचं वर्णन मात्र चार पानं, सुरेख:
दोन पाणी, दोन रंग, मग एक.
बाईंनी एवढंच लिहिलं नाही
की तिथून पुढं नाव कृष्णेचंच चालतं.
वेण्णा कुठं गेली, हे कऱ्हाडला कुणी विचारत नाही.

काठावर तानू. लेकीला छातीएवढ्या पाण्यात पाहते
आणि ओरडते. इंग्रजीत दोन शब्द: "बाय, ओ!"
खाली तळटीप:
'आपला निरोपाचा शब्द इथले लोक चटकन उचलतात.
अशा घडीलाही तो त्यांच्या ओठी यावा, हे हृद्य आहे.'

मनात वाचलं. मग मोठ्यानं,
पंखा बंद करून.
बाय, ओ.
बायो.
बयो.

माझी आई अशीच हाक मारायची
दिवेलागणीला, शेवट लांबवून:
बयोऽऽ, कुठं उंडारतीस, घरला ये.

निरोप नव्हता तो, मडमबाई.
ती बोलावत होती.
शंभराहून जास्त वर्षं ही हाक छापून पडली आहे
आणि वाचणारे हात हलवून पुढं गेले.

प्रकाशकांचा फोन आला: मुळाशी इमान राखा, मॅडम.
राखलं.
इझाबेला बुडते, ते माझ्या हातात नव्हतं.
पुढचं वाक्य पाण्याचं, ते जसंच्या तसं उतरवलं.
तळटीपही ठेवली, त्यांचीच, शब्दाला शब्द.
फक्त वर, अवतरणात, तो एक शब्द
आमच्या उच्चारानं लिहिला
आणि त्याच्या शेवटाला दोन अवग्रह जोडले,
हाक पाण्यावरून पलीकडं पोचेल
एवढे.