थंड डोक्याचा

डंडीत, हिलटाउनच्या चढावर
ऑगिल्वीचं दुकान. काउंटरवर दोन प्रोसेसर.
एक माझ्या घरच्याचा धाकटा भाऊ, नव्वद पौंड.
दुसरा यंदाचा,
किंमत बघून मी हातमोजे परत घातले.
‘तापत नाही,’ असं काहीसं तो म्हणाला;
मी ऐकलं, थंड डोक्याचा आहे.

घरचा माझा, कम्पाइल लावलं
की डोकं तापवून बसतो.
अकरा मिनिटं.
तेवढ्यात आधण ठेवते, आलं किसते,
आणि बहुतेकदा किसतानाच सापडतं
उघडा राहिला तो कंस नव्हे,
विचारच.

नवाच घेतला. हप्त्यांनी.

चाळीस सेकंद.
आधणाला बुडबुडा नाही
तोच पडद्यावर लाल ओळी हजर,
मी अजून आलं शोधतेय.

जुना टेबलाखाली आहे.
फेब्रुवारीत बोटं वळेनाशी झाली
की त्याला देते एखादं बिनकामाचं मोठं काम.
हिशेब चुकतो, कळतं;
मीटर काय, कुणासाठीही पळतं.
पण पाय त्याच्या कुशीला टेकवून
पेन्सिलीने, पाकिटाच्या मागे,
नव्याच्या लाल ओळी सोडवत बसते.
खाली पंखा घरघरतो.
बसू दे.