दालन क्रमांक सतरा

होम मैदानावर देशाची शंभरी भरली.
"भरली म्हणू नये, पोरी," नायना म्हणाले,
"शंभर भरणं वेगळं. गाठली म्हण."

तर, गाठली.
पत्र्याचा कोट उभा राहिला,
वेशीवर ज्वारीच्या कणसांची संसद,
जिला रोज पहाटे चिमण्या येऊन
थोडी थोडी बरखास्त करतात.
पुढे आरशांचा बोगदा : शंभर वर्षं, चाळीस पावलांत.
दुष्काळ लागतो तिथे वाकावं लागतं,
छत मुद्दाम खाली ठेवलंय.
थर्माकोलच्या उपग्रहाखाली जोडपी फोटो काढतात.
आकाशपाळणा टोकाला गेला की दिसतो तलाव,
तलावातलं देऊळ,
आणि जिथे धुराडी होती
ती आभाळातली मोकळी जागा.

माझं दालन सतरा नंबर.
आत एक माग, दोरीच्या कुंपणात, 'हात लावू नये'.
एक मस्टर, ज्यातली हजर माणसं सगळी गैरहजर.
आणि एक लाल बटण.
दाबलं की गिरणीचा भोंगा.
माझं काम रांग लावायचं,
एका पोराला एकदाच दाबू द्यायचं.
रोज सहाशे रुपये, डबा आपला.

पुण्याच्या बाई कानांवर हात ठेवतात.
सहलीतला एकजण विचारतो, याची रिंगटोन मिळंल का बे?
बाकीचे बटणाकडेच बघतात,
आवाजाकडे कोण बघणार.

मंगळवारी ज्येष्ठांना फुकट.
नायना आले, इस्त्रीचा शर्ट,
पास दारावर दोनदा दाखवून.
मागाकडे त्यांनी पाहिलंच नाही,
ओळखीच्या माणसाला बाजारात टाळावं तसं.
"दाब," म्हणाले.
मी दाबलं.
ते मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"कादु," म्हणाले. "हा थोरल्या गिरणीचा.
पाटीवर धाकटी लिवलंय.
आपला असा सरळ नव्हता रडत.
मधेच दम खायचा,
बॉयलरला वाफ कमी पडायची.
त्या दमात तुझी आई तवा उतरवायची."

मी साहेबांना सांगितलं.
साहेब म्हणाले, यादीत 'भोंगा' आहे,
भोंगा वाजतोय,
यात चूक कुठं आहे मॅडम?

रात्री जेवणं झाल्यावर
मी मोबाइल नायनांच्या तोंडासमोर धरला.
त्यांनी चूळ भरली. गळ्याचं बटण लावलं.
पहिल्यांदा खोकला आला, दुसऱ्यांदा हसू.
तिसऱ्यांदा पोटातून, कुठून तरी
बाभळीच्या ढलप्यांच्या राखेखालून
आवाज निघाला, चढला, पत्र्याला लागला,
आणि थांबला.
त्या दमात
मी नकळत स्वयंपाकघराकडे पाहिलं.
मग उरलेला भोंगा बाहेर आला,
लांब, थोडा फाटका.
शेजारच्या कामतमांनी भिंतीवर थाप मारली :
म्याकल, बरं हाय ना?

सकाळी मी वायर बदलली.
पोरं दाबत राहिली.
माझा बाप दिवसातून दोनशेदा सुटत राहिला.
कुणाला काही कळलं नाही.
साहेबच एकदा म्हणाले,
आज मशीनला सर्दी झाली काय?

शनिवारी तोबा गर्दी.
एक म्हातारी, हिरवं इरकल,
नातीसाठी घेतलेले म्हातारीचे केस हातात धरून
रांगेबाहेरून चालली होती.
कुणीतरी बटण दाबलं.
ती चालतच राहिली.
मग तो दम आला.
तिने काडी या हातातून त्या हातात घेतली,
पदर कमरेला खोचला,
दोरीपाशी येऊन मला हळूच विचारलं,
उशीर झालेल्या बाईसारखं :

"कुठली पाळी सुटली गं?"

मी मस्टरकडे पाहिलं.
"दुसरी," म्हणाले.

"मग येतीलच आता,"
म्हणाली, आणि मागाशेजारच्या बाकावर बसली.
नात गुलाबी बोटं चाटत होती.
मी रांगेतल्या पुढच्या पोराला
जरा थांब म्हणाले.