गाडीचं तोंड कुठे होतं

नेब्रास्कात, ऐंशी नंबरच्या महामार्गालगत,
धान्याच्या कोठारासमोर आमचं कोर्ट.
खाली मी. वर न्यायाधीश, तेही फक्त मंगळवारी.
सत्तावीस वर्षं मी पाकिटं फोडते आहे.

इथे कुणी येत नाही, लोक इथून जातात,
आणि लायल, आमचा डेप्युटी,
त्यांना बारा मिनिटं जाऊ देत नाही.
तेवढीच त्यांची आमच्या गावाशी ओळख.

मग चेक येतात. चेकवर सूर्यफुलं, मासे, कुणाची नातवंडं.
चिठ्ठ्या येतात.
बायकोला कळा सुरू झाल्या होत्या.
उतार होता, गाडी आपोआप पळाली.
उतार! आमच्या मुलखात रस्त्यावर गोटी ठेवली
तर ती विचार करत बसते.
एकाने लिहिलं, तुमच्या राज्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही,
जसं काही आम्ही पानं मांडून बसलो होतो.

हद्द ओलांडली की सुटलो, असं वाटणाऱ्यांची मला कीव येते.
राज्यं म्हणजे भावकी.
चुली वेगळ्या, बांधावरून भांडणं,
नदीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं कोर्टात,
पण कुणाचं पोर कुठे उंडारलं
ते मात्र दिवेलागणीच्या आत घरी पोचवतात.
दंड भरला नाही की मी एक फॉर्म पाठवते,
आणि तिकडे, त्याच्या स्वतःच्या अंगणात,
त्याचा परवाना खुंटीला लागतो.

मागच्या नोव्हेंबरात आयोवाने असाच एक लावला:
गॅरिट टेनहाकेन, वय एकोणऐंशी,
पंच्याहत्तरच्या रस्त्यावर अठ्ठ्याण्णव.
तोवर त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते.

मुलीचं पत्र आलं, ऑरेगनहून. मार्लिस नाव.
मृत्यूचा दाखला, सोबत दंडाचा चेक.
चेक लागत नाही, मेलेल्याचा खटला आपण होऊन मिटतो.
मी तो परत पाठवायला बाजूला ठेवला,
तेव्हा खालच्या ओळी दिसल्या, दुसऱ्या शाईतल्या:

अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
नोटिशीवर मैल आहे, वेळ आहे, गाडीचा रंगसुद्धा आहे.
गाडीचं तोंड कुठे होतं, तेवढं नाही.

मूळ प्रतीवर त्यासाठी चौकट असते.
लायलने तिथे एकच अक्षर काढलं होतं.
पश्चिम.
मैल दोनशे अकरा, सकाळचे सहा वीस.

लायलला विचारलं. त्याला म्हातारा आठवत होता.
मागच्या सीटवर शिवणयंत्र, जुनं, काळं,
माणसासारखं पट्टा लावून बसवलेलं.
म्हणाला, उशीर झालाय.
किती, म्हणून विचारलं,
तर बोटांवर मोजायला लागला.

मग लायलने त्याच्या खोक्यात बराच वेळ शोधून
एक पिवळा कागद काढला.
तोच नंबर. तिसऱ्या दिवशी. पूर्वेकडे.
ताशी अडतीस, मागे ट्रकांची रांग.
दंड नाही, नुसता इशारा:
रस्त्यावर इतकं हळू चालवू नये.

यंत्र?
होतं ना, लायल म्हणाला. पट्ट्यासकट.

आम्ही दोघं काही वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो.
बाहेर कोठारावर पारवे उतरत होते.

इशारा राज्याबाहेर कळवायचा नसतो.
तसा नियम आहे, मी केलेला नाही,
आणि सत्तावीस वर्षांत तो मला इतका कधी आवडला नव्हता.

पिवळा कागद तारखेप्रमाणे जागच्या जागी गेला.
तिला मी हातानेच लिहिलं, कोर्टाच्या कागदावर:
पश्चिमेकडे.
मग पेन तसंच धरून जरा थांबले, आणि खाली,
नोटिशीवर होतंच तरी, पुन्हा एकदा:
अठ्ठ्याण्णव.