एक पंचविसांश सेकंद

मार्युक्काने टेप परत दिली. पिहलाची कोच ती.
म्हणाली, ताउनो, गिरकीत पायच दिसत नाही.
आतल्या कडेवर उतरते की बाहेरच्या, काय सांगू मी?
ओल्या फडक्याने पुसल्यासारखी दिसते पोर.

कॅमेरा घेऊन टेबलाशी बसलो.
दुपारचे तीन, म्हणजे रात्रच.
जानेवारीत केमियार्वीला सूर्य येतो तो
मस्टरवर सही करून सटकणाऱ्या कारकुनासारखा.

आधी भिंग पुसलं.
भिंग बिचारं स्वच्छच होतं.
मग हातावर संशय आला.
चाळीस वर्षं सॉमिलमध्ये करवतीला लाकूड लावलेला हात,
हल्ली कॉफी बशीत सांडतो,
खोटं कशाला बोलू.

माहितीपुस्तिकेत एक कसोटी दिलीय:
चित्र थांबवा, त्यात न हलणारं काहीतरी शोधा.
खांब, दार, काहीही.
तेही फिसकटलेलं असेल तर हात हलला.
ते जागच्या जागी असेल
तर हात निर्दोष, शटर आळशी.

दोष कधीपासूनचा ते बघावं
म्हणून गेल्या मार्चची टेप लावली.
थांबवली.

पिहला कुठंच नव्हती. म्हणजे सगळीकडे होती:
लाल जाकिटाचा एक लांब फराटा,
टोपीचा गोंडा पाच ठिकाणी.
मी न हलणारं शोधू लागलो.
दिव्याचा खांब: सरळ.
गोलची जाळी: चौकोन मोजून घ्यावेत.
फळीवर टायरवाल्याची जाहिरात, फोन नंबरासकट.
आणि बाकावर
क्युल्लिक्की.

मी तिला घेतलंच नव्हतं.
सुट्टे पैसे चाचपताना
कोटाच्या अस्तरात किल्ली लागावी
तशी ती कोपऱ्यात लागली.
मांडीवर थर्मास, थर्मासवर दोन्ही हात.
उजव्या हातमोज्याला अंगठ्यापाशी भोक,
त्यातून नखसुद्धा.
शिवून टाक म्हणालो होतो. बरं झालं, नाही शिवलं.
पापण्यांवर दंव.
सगळं खणखणीत.
तोंडापुढची वाफ तेवढी पुसट.

पिहला गरगरतेय आणि ही
पंचवीस मिनिटं थंडीत बसलीय, हललीसुद्धा नाही,
एकदा फक्त झाकण उघडलं.
तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आत गेली ती, एप्रिलमध्ये.

असो.
हात निर्दोष निघाला. मेन्यूत शिरलो.
‘ऑटो स्लो शटर’: चालू.
अंधार पडला की हा शहाणा न विचारता ठरवतो,
सेकंदाचे पंचवीस तुकडे करायचे
आणि अख्खा एक तुकडा डोळा उघडा ठेवायचा.
तेवढ्यात पोर अर्धी गिरकी घेऊन मोकळी.
बंद केलं त्याला.

दुसऱ्या दिवशी, उणे एकोणीस,
बॅटरी काखेत ऊबवत रिंकवर उभा राहिलो.
सेकंदाचे अडीचशे तुकडे केले
तर दिवे धापा टाकायला लागले,
चित्र उजळ, मंद, उजळ, मंद.
शंभरावर आणलं. शांत झाले.
पिहला आली, वळली, उडाली,
आणि पातं दिसलं,
पात्याखालून उडणारा बर्फ कण न् कण.
मार्युक्का कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात नाक खुपसून ओरडली,
आतल्या कडेवर! आतल्या कडेवर पडतेय बघ!
जणू हरवलेलं गाय-वासरू सापडलं.

मागचा बाक मात्र काळामिट्ट.
त्यावर कुणी नव्हतंच म्हणा.
माझा थर्मास होता.

पिहला बूट बदलायला गेली
तेव्हा शटर परत पंचविसावर नेलं
आणि बाकावर कॅमेरा धरला.
कुणाला घेतोयस, आजोबा?
थर्मासला, म्हटलं. चाचणी आहे.

घरी येऊन पाहिलं.
बाक उजळला होता, फळीवरचा फोन नंबरही वाचता येईल
इतका उजेड,
पण थर्मास दोन दिसले.
पुन्हा थांबवलं. दोन.
नंबरातला आठही दोनदा.

म्हणजे आता
हाताकडेही बघावं लागणार.