रुमालाखाली

मंडळाची वही माझ्याकडं होती
कारण माझ्याकडं जनावर नव्हतं.
वडील जतच्या डेपोत मेकॅनिक,
घरात पाळण्याजोगं एक मांजर, तेही शेजारच्यांचं.
सर म्हणाले, मग तू सचिव.

पाच जण, एक छोटा हत्ती.
गुरबसूचं खोंड फळीवरून चढताना
खोंडापेक्षा गुरबसूच जास्त थरथरत होता.
समीनाच्या खुराड्यात सहा गावरान कोंबड्या,
रेवणच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे
आणि त्यात पाच डाळिंबं,
खड्डा आला की तो श्वास धरायचा.
मागं शिवलीलाचा मेंढा, माडग्याळी,
पोपटाच्या चोचीसारखं नाक,
दोन रुपयांच्या शाम्पूच्या चार पुड्यांनी न्हालेला.
जत येईपर्यंत आम्हा सगळ्यांनाच
त्या शाम्पूचा वास लागला.

यल्लम्माच्या जत्रेत धूळ आधी भेटते, माणसं नंतर.
एका कानात कानडी, एका कानात मराठी,
मध्ये पाळण्याची किरकिर.
प्रदर्शनाच्या मांडवात मी टेबलाशी बसून तक्ता भरला:
जात, वय, दात, वजन,
मालकाचे नाव.
तिथं मी न विचारता पाचही जणांचे बाप लिहिले.
हात सवयीनं जातो.
शिवलीलापुढं मल्लाप्पा, जो त्या दिवशी
कळप घेऊन कृष्णाकाठी, कुणाच्या तरी रानात
मेंढरं बसवत होता,
आणि ज्यानं हे पिल्लू
'लंगडतंय, जगायचं नाही' म्हणून मागं सोडलं होतं.

सांगलीहून आलेल्या डॉक्टरांनी मेंढ्याचा ओठ वर केला,
टेप छातीभोवती फिरवली,
पायाशी बसले, बराच वेळ.
रेवणचं एक डाळिंब त्यांनी सुरीनं कापलं.
कापतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दाणे लाल होते, तो बघत नव्हता.

भोंग्यावर पहिला नंबर:
मल्लाप्पा.
कुणी उठलं नाही.
पुन्हा, मल्लाप्पा, माडग्याळ. मल्लाप्पा आहेत का?
शिवलीला मेंढ्याच्या कानातला गोचीड काढत बसली.
मी म्हणालो, अगं, जा की.
ती म्हणाली, मला कुठं बोलावलंय?
तिसऱ्या वेळी सरच गेले.

दुपारी हेडी आला, खांद्यावर मळका रुमाल,
डोळ्यांनीच वजन करणारा.
बाप कुठाय, पोरी?
नाही आला.
मग भाऊ? चुलता?
त्यानं आमच्याकडं पाहिलं, माझ्या वहीकडंही.
मग हसत, चेष्टेनंच, रुमाल पसरला
आणि शिवलीलानं हात आत घातला.

मांडवातली सगळी बोलणी एकदम खाली आली.
गुरबसू खोंडाचा कासरा सोडून पुढं सरकला.
रुमालाखाली काहीतरी हललं, थांबलं,
पुन्हा हललं. हेडीचं हसू गेलं,
भुवई वर गेली, खाली आली.
त्यानं दाबलं असावं, तिनं परत दाबलं असावं,
रुमालाला एवढंच दिसतं.
मग तिनंच हात काढून घेतला, परकरला पुसला,
म्हणाली, नाही.

हेडी रुमाल झटकत गेला.
दोन तंबू पलीकडं जाऊन वळून बघितलं त्यानं.
मेंढ्याकडं नाही.

परतीला अंधार. प्रमाणपत्र माझ्या मांडीवर,
मोबाईलच्या उजेडात मी 'मल्लाप्पा'वर रेघ मारली
आणि वर लिहिलं: शिवलीला मल्लाप्पा.
छापलेली शाई काळी, माझी निळी, गाडी उडत होती,
'ली'ची वेलांटी थेट शिक्क्यात गेली.
तिनं वाचलं. काही बोलली नाही.
किती बोटं होती गं? मी विचारलं.
तक्त्यात 'मिळालेली किंमत' हा रकाना राहिलाय.
राहू दे, म्हणाली.

तेवढ्यात समीना ओरडली.
कोंबडीनं गाडीतच अंडं घातलं होतं, गरम,
आणि ते ठेवायला जागा एकच होती,
रेवणच्या ट्रेत,
पाचव्या डाळिंबाच्या रिकाम्या खळग्यात.