गुणलेखकाची वही

माझं टेबल पाटीच्या बरोब्बर टोकाला असायचं.
एक शिसपेन्सिल हातात, दुसरी कानामागे.
गॅसबत्तीवर आपटून पानावर पडलेलं पाखरू
फुंकून काढायचं आणि लिहायचं:
गायधनी, चढाई, एक गडी.
गायधनी, चढाई, रिकामा हात.

सावळीराम गायधनी, मुक्काम पळसे.
छाती बेताचीच, पिंढऱ्या मात्र उसाच्या कांड्या.
खेळायचे पैसे घेणारा आमच्यातला पहिला.
नाशिकरोडच्या छापखान्याने त्याला
कागदाची गाठोडी मोजायला ठेवला,
दरमहा पंच्याऐंशी, वर अर्धा शेर दूध,
आणि गाठोडी त्याने एकदाही मोजली नाहीत.
तालमीतले जुने लोक थुंकले.
"मातीचे पैसे घेतो,
उद्या देवाकडं नमस्काराचं भाडं मागंल."
तो हसला. पहिल्या पगारात
त्यांच्याच हौद्यात दोन गाड्या तांबडी माती टाकली.

सत्तावन साली ढाल.
अठ्ठावनला ढाल.
एकोणसाठला गुडघा.
साठ साली गुडघ्याला धोतराचं फडकं बांधून ढाल.
त्या वर्षी सहा बाद, हा एकटा उरलेला,
समोर डाव्या कोपऱ्यात चेहेडीचा एकनाथ ताजनपुरे,
ज्याने धरलेली म्हैससुद्धा जागची हलत नसे.
एकनाथ त्याच्या घोट्यावर पडला,
एकनाथवर आणखी दोघे,
आणि त्या ढिगाखालून
हुतूतू येतच राहिलं, बारीक,
विहिरीत पडलेल्या घागरीच्या आवाजासारखं.
मग एक करंगळी आली बाहेर. पाटीवर टेकली.
वहीत त्या जागी "तीन" एवढंच आहे.
करंगळीला रकाना नव्हता.

बासष्टला चौथी ढाल.
त्यानंतर छापखान्यात नवे साहेब आले,
त्यांनी गाठोडी मोजायला सांगितली.

त्रेसष्टच्या माघात, इगतपुरीला,
थंडीने पेन्सिल बोटांत ठरेना.
रेल्वेवाल्यांच्या संघाने नावं आणून दिली,
सातवं नाव: बबन रोकडे.
दाढी वाढलेली, कानटोपी खालपर्यंत.
पण पाटी ओलांडण्याआधी
उजवा अंगठा मातीत दोनदा घासायची सवय
दाढीला लपवता येत नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलला टोक केलं, गरज नसताना.
रोकडे, चढाई, दोन गडी.
रोकडे, चढाई, दोन गडी.
रोकडे, चढाई, लोण.
रात्रभर मी खोटं नाव लिहीत होतो
आणि एकही गुण खोटा नव्हता.
सामन्याचे दोनशे मिळाले त्याला.
देवळालीच्या दवाखान्यात यशवदा होती,
तिथं तेही पुरले नाहीत.

पुढे कधीतरी, दोघांचे दात गेल्यावर,
सिन्नर फाट्यावर चहा घेताना मी वही उघडली.
"चार ढाली धरल्यात. पाचवी आणू तुझ्या नावावर?
आता विचारतंय कोण."
त्याने बशीतला चहा संपवला.
"राहू दे," म्हणाला. "इतर वेळी छापखाना खेळायचा,
पळसं खेळायचं, बा खेळायचा माझ्या पाठीवर बसून.
त्या रात्री हरलो असतो तर रोकडे हरला असता.
तेवढा दम मला पुन्हा कधी लागला नाही बघ."
बशी उपडी ठेवली. चहाचे पैसे त्यानेच दिले.

परवा रामकुंडावर त्याच्या मुलाबरोबर गेलो.
उपाध्यायांनी लाल कापडातली लांबलचक वही सोडली,
माझ्या वहीपेक्षा किती जुनी,
तिलाही रकाने तीनच: नाव, बाप, आजा.
मुलाने नाव सांगितलं. शाई वाळेपर्यंत आम्ही थांबलो.
मग गंगेत हात बुडवून, उगाच,
मी अंगठा पायरीवर दोनदा घासला
आणि पुटपुटलो, बबन रोकडे.

"हे कोण, काका?" पोरानं विचारलं.
"होता एक इगतपुरीला," मी म्हणालो.
"एकदाच खेळला."