एवढंच?

एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
एलेउतेरिया तिकोनानं तो घेतला:
तळहाताएवढा, हिरवा, कोपऱ्यात चरा गेलेला,
घासाघीस करून, वर लोकरी मोज्यांचा एक जोड देऊन.
मग माझ्या टपरीवर आणून ठेवला,
वैदूपुढे आजारी कोंबडी ठेवावी तसा.
"यात जीव घाल," म्हणाली.
"बटाटे गोठवायचेत."

बटाटे ती जूनमध्ये उघड्या माळावर पसरते.
तीन-चार रात्री कडक लागतात, बिनढगाच्या.
मग ऊन चढायच्या आत अनवाणी तुडवून
पाणी काढायचं, वाळवायचं.
दगड होतात त्यांचे, पण हलके,
दहा वर्षं कणगीत बसून राहतात.
आता साठी उलटली. रात्रीतून तीनदा उठवत नाही.
"पारा उणे पाचाखाली गेला
की यानं घंटा वाजवावी.
बस."

कुठली सिस्टीम टाकू, मी विचारलं.
चालेल ती, ती म्हणाली.
भाचा लिंबेर मध्येच: उबुंटू टाक मामा, सगळे तेच टाकतात.

टाकलं.
मेमरी सगळी मिळून पाचशे बारा.
अंथरूण एवढंसं, आणि पाहुणा
आल्या आल्या पाय ताणून झोपला.
डेस्कटॉप उघडेस्तोवर एलेउतेरियानं
अर्धी टोपली शेंगा सोलल्या.
मग चित्र आलं: निळा डोंगर, त्यावर बर्फ.
"बर्फ माझ्या दारात आहे," ती म्हणाली,
"पडद्यावर कशाला?"

दुसरी फाइल चौसष्ट बिटांची निघाली;
लाल दिवा लागला, हिरवा लागलाच नाही.
तिसरी, डेबियनची, चालली.
शांत, थोराड, भरवशाची,
पण कार्डावर सारखं काहीबाही लिहीत बसणारी;
आणि हिच्या गावात वीज
न सांगता जाते, न सांगता येते.
लिहिता लिहिता हात थांबला तर कार्डाचं काय होतं
ते माझ्या बिस्किटांच्या डब्यात बघा.
एकोणीस आहेत.

शेवटी अल्पाइन.
लिंबेर हसला, आल्प्स कुठे, आपण कुठे!
म्हटलं, थंडीशी ओळख आहे ना, झालं तर मग.
काळा पडदा. पांढरी अक्षरं.
एक रेघ, लुकलुकणारी.
"एवढंच?" तिनं विचारलं.
एवढंच. सगळं मेमरीत बसतं,
कार्डाला हात लावत नाही, वीज गेली तर जाऊ दे.
यंत्राला नाव लागतं, म्हटलं.
तिनं आयमारात सांगितलं: हुइफी.
दहिवर. पीक जाळणारं, बटाटा तारणारं.

पुढच्या गुरुवारी ती परत.
पहिल्याच रात्री घंटा वाजली होती, दोनला.
पहाटे वीज गेली, आली,
आणि त्याला काही म्हणजे काही आठवेना,
स्वतःचं नावसुद्धा.

मी जीभ चावली.
जे राखायचं ते राख म्हणून सांगावं लागतं त्याला,
एका ओळीची आज्ञा.
ती द्यायची मीच विसरलो होतो.

माफी मागणार, तोवर तिनं
पाठीवरच्या रंगीत फडक्यातून शाळेची वही काढली.
पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात:
दोन वाजता. उणे सहा.
वाटीतल्या पाण्यावर बोटभर साय.
"ते विसरलं," म्हणाली,
"मी उठलेच होते की."

पुन्हा सगळं बसवलं. नाव दिलं. घंटा दिली.
आणि या वेळी ती ओळ.
एंटर दाबलं तेव्हा ती कान देऊन होती;
आवाज काहीच आला नाही.
"राखलं?"
"राखलं."

पैसे मोजून झाल्यावर तिनं फळीवर
मागच्या सालचे दोन मूठ बटाटे ओतले,
काळे, खडखडणारे.
"रात्रभर भिजव," म्हणाली,
"पाणी बदल दोनदा.
घाई केलीस तर कडू लागतील."